पिवळ्या रेषेखाली कोण गेलं आणि त्याला कोणी ढकललं

काल रात्री एका मित्राशी जवळजवळ दोन तास चॅटवर भांडत बसलो होतो, आणि विषय काय, तर नॅस्कार ह्या अमेरिकन कार-रेसिंगमधली २००८ सालची टॅलडेगाची रेस. म्हणजे त्यातले निम्म्याहून जास्त ड्रायव्हर कधीच रिटायर झालेत आणि आम्ही दोघं मात्र अजून त्या शेवटच्या लॅपचा रिप्ले थांबवून थांबवून एकमेकांना स्क्रीनशॉट पाठवतोय. त्याचं म्हणणं एकच, रेषा ती रेषा, खाली गेला की संपलं. माझं म्हणणं तेवढ्या एका वाक्यात मांडता येत नाही, म्हणून मी चॅटवर नेहमी हरतो आणि म्हणून आज इथे लिहितोय.

आधी ज्यांना नॅस्कार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डेटोना आणि टॅलडेगा हे दोन प्रचंड मोठे ओव्हल ट्रॅक, डेटोना अडीच मैलांचा, टॅलडेगा २.६६ मैलांचा, आणि वळणांवर बँकिंग म्हणजे उतार असा की पायी चढताना हात टेकवावे लागतील, टॅलडेगाला तर ३३ अंश. ह्या बँकिंगच्या खाली आतल्या बाजूला सपाट पट्टा असतो त्याला एप्रन म्हणतात. आणि मधे डबल पिवळी रेषा. तीस-चाळीस गाड्या एकमेकींच्या बंपरला चिकटून जात असताना कोणी एप्रनवर उतरून ओव्हरटेक करायला गेला की परत वर चढताना गाडी हलते, आणि मग एकाच्या चुकीपायी पंधरा-वीस गाड्यांचा भुगा. म्हणून नियम आला की पुढे जाण्यासाठी पिवळ्या रेषेखाली जायचं नाही. नियम चांगलाच आहे, ह्यावर माझं मित्राशी भांडण नाही.

भांडण आहे ते नियमाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावरून. कारण नियम असंही म्हणतो की तुम्ही दुसऱ्याला मुद्दाम रेषेखाली ढकललंत तर शिक्षा तुम्हाला. आणि ह्या दोन्ही वाक्यांच्या आधी तीन शब्द आहेत, 'नॅस्कारला वाटलं तर'. सगळा घोळ ह्या तीन शब्दांत आहे.

आता २००८. ऑक्टोबर महिना, शेवटचा लॅप, टोनी स्ट्युअर्ट पहिला आणि त्याच्या मागे रीगन स्मिथ, जो तेव्हा रुकी म्हणजे नवखा होता, कप सिरीजमध्ये, म्हणजे नॅस्कारच्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत, एकही रेस जिंकलेला नव्हता. स्मिथ आतून जायला बघतो, स्ट्युअर्ट त्याला अडवायला खाली येतो, आणखी खाली येतो, आणि स्मिथकडे दोनच पर्याय उरतात, एक तर स्ट्युअर्टला मागून ठोकायचं नाहीतर रेषेखाली जायचं. तो रेषेखाली गेला, आणि पहिला आला. काही मिनिटांत निर्णय आला की स्ट्युअर्ट विजेता आणि स्मिथ अठरावा.

पहिला नाही तर दुसरा पण नाही, थेट अठरावा!

मित्र म्हणतो की स्मिथनं थांबायला हवं होतं, ब्रेक मारायचा. बरोबर, ब्रेक मारायचा, ताशी १९० मैलांच्या आसपास वेगात, मागे गाड्यांचा अख्खा पॅक असताना, पहिली रेस जिंकायला काहीशे मीटर उरलेले असताना. बोलायला सोपं आहे. पण मला स्मिथच्या शिक्षेपेक्षा जास्त खटकतं ते हे की स्ट्युअर्टबद्दल कोणी काही बोललंच नाही, म्हणजे खाली कोण गेलं हे बघितलं, त्याला तिकडे नेलं कोणी हे बघून पण 'ही साधी रेसिंग आहे' म्हणून सोडून दिलं. पुढच्याला आपली जागा राखायचा हक्क आहे हे मला मान्य आहे, पण मागची गाडी अर्धी शेजारी आलेली असताना खाली येणं म्हणजे जागा राखणं की ढकलणं, हा प्रश्न कोणीतरी विचारायला नको का?

आणि मग सहा महिन्यांनी जे झालं ते बघा. एप्रिल २००९, तोच ट्रॅक, तोच शेवटचा लॅप, जवळपास तीच जागा. ह्या वेळी पुढे कार्ल एडवर्ड्स आणि मागे ब्रॅड केसेलोव्स्की, तो पण नवखा, त्याचीही कप सिरीजमधली पहिलीच जिंकायची संधी. केसेलोव्स्की आतून आला, एडवर्ड्स अडवायला खाली आला. फक्त ह्या वेळी केसेलोव्स्की रेषेखाली गेला नाही. का जाईल? सहा महिन्यांपूर्वी जो गेला त्याचं काय झालं हे सगळ्यांनी बघितलेलं होतं. त्यानं रेषेच्या वरच गाडी धरून ठेवली, दोन्ही गाड्या भिडल्या, एडवर्ड्सची गाडी फिरली, मागून येणाऱ्या गाडीला लागून हवेत उडाली आणि प्रेक्षकांपुढच्या जाळीवर जाऊन आदळली. जाळीनं गाडी परत ट्रॅकवर फेकली म्हणून बरं, पण तुकडे पलीकडे गेले आणि काही प्रेक्षक जखमी झाले. एडवर्ड्स त्या भंगारातून बाहेर आला आणि फिनिश लाइनपर्यंत चक्क पायी पळत गेला. लोक टाळ्या वाजवत होते, मी सुद्धा वाजवल्या असत्या. पण नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की हा अपघात टॅलडेगाच्या वेगामुळे जितका झाला तितकाच सहा महिन्यांपूर्वीच्या त्या अठराव्या नंबरामुळे पण झाला. गाड्या सुरक्षित राहाव्यात म्हणून केलेला नियम, आणि तो एकाच बाजूनं लावला म्हणून मागच्या ड्रायव्हरला ठोकणं जास्त परवडलं. केसेलोव्स्की जिंकला, त्याला शिक्षा नाही, आणि खरं सांगायचं तर नियमाप्रमाणे त्यानं काहीच चूक केली नव्हती.

हे मित्राला सांगितलं की तो लगेच २००३ वर जातो. हुशार आहे, कारण तिथे माझीही पंचाईत होते. २००३ च्या वसंतातल्या टॅलडेगाला डेल अर्नहार्ट ज्युनियर मॅट केन्सेथला मागे टाकताना रेषेखाली गेला होता, अगदी शेवटच्या काही लॅपमध्ये, आणि त्याला शिक्षा झाली नाही, तो जिंकला, टॅलडेगाला सलग चौथ्यांदा. नॅस्कारच्या मते चूक त्याची नव्हती. आता ज्युनियर म्हणजे तेव्हाचा सगळ्यात लाडका ड्रायव्हर आणि स्मिथ म्हणजे कोण तो नवीन पोरगा, मग लोक काय म्हणणार, हे सांगायची गरजच नाही. मी स्वतः त्या पक्षपाताच्या गोष्टीवर फारसा विश्वास ठेवत नाही. माझ्या मते ज्युनियरचा निर्णय बरोबर होता! पण तो बरोबर असेल तर स्मिथचा चूक ठरतो, आणि स्मिथचा बरोबर धरला तर ज्युनियरचा चूक. दोन्ही एकदम बरोबर ठरवायचे असतील तर फरक नक्की कुठे होता ते समजावून सांगावं लागतं, आणि ते समजावून सांगणं हेच ह्या खेळात कमी पडतं.

आता माझी बाजू पण उघड करतो, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी करेलच. मी डेनी हॅमलिनचा फॅन आहे. हो, त्याचाच, ज्याला अर्धं स्टेडियम हूट करतं. आणि ऑक्टोबर २०२० मध्ये टॅलडेगाला जेव्हा हॅमलिन जिंकला तेव्हा मी घरात एवढ्या जोरात ओरडलो की झोपलेली माणसं उठली. त्या शेवटच्या लॅपमध्ये काय झालं? मॅट डीबेनेडेटो पुढे होता, विल्यम बायरन आतून आला, डीबेनेडेटोनं खाली येऊन त्याला रेषेखाली ढकललं, आणि ह्या वेळी नॅस्कारला नियमाचा दुसरा अर्धा भाग आठवला. डीबेनेडेटो दुसऱ्या नंबरवरून एकविसावा. क्रिस ब्युशर खाली गेला म्हणून तो बाविसावा. आणि हॅमलिन? हॅमलिन पण रेषेखाली गेला होता, सगळ्यांनी बघितलं, मी पण बघितलं, पण नॅस्कारच्या मते तो धडक टाळायला गेला होता, त्यामुळे चालतं.

मला आनंद झाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना रिप्ले बघितला तेव्हा थोडी लाज पण वाटली. कारण बारा वर्षांपूर्वी स्मिथसुद्धा धडकच टाळत होता की.

(तरी हॅमलिनची ती विन मी परत देणार नाही, कोणी मागू नये.)

२०२० चा डीबेनेडेटोचा निर्णय मला तत्त्वाला धरून पटतो, ढकलणाऱ्यालाच शिक्षा हवी. पण मग २००८ ला स्ट्युअर्टनं जे केलं त्यात आणि ह्यात किती इंचांचा फरक होता? डीबेनेडेटो छोट्या बजेटच्या टीममधून धडपडत वर आलेला माणूस, कपमध्ये विन नाही, पुढच्या सीझनची सीट नक्की नाही, अशा माणसासाठी दुसरा आणि एकविसावा ह्यातलं अंतर आपल्याला टीव्हीवर दिसतं त्यापेक्षा खूप मोठं असतं.

आता ह्या आकड्यांबद्दल. अठरा, एकवीस, बावीस. २०१८ च्या जुलैमध्ये डेटोनाला जस्टिन हेली एक्सफिनिटी, म्हणजे कपच्या एक पायरी खालच्या सिरीजच्या, रेसमध्ये शेवटच्या क्षणी दोन गाड्यांच्या खालून घुसून पहिला आला, पिवळ्या रेषेच्या खाली गेला, विजय काइल लार्सनला आणि हेली अठरावा. २०२२ मध्ये अटलांटाला, तो ट्रॅक नव्यानं बांधून डेटोनासारखा केल्यावर, क्रिस्टोफर बेल दुसरा आला आणि रेषेखाली गेला म्हणून तेविसावा. हे आकडे कुठून येतात माहितीये? शेवटच्या लॅपला गुन्हा केला तर पिट रोडवरून, म्हणजे टायर-पेट्रोलसाठी थांबायच्या बाजूच्या हळू रस्त्यावरून, जायची शिक्षा द्यायला वेळच उरत नाही, म्हणून तुम्हाला लीड लॅपवर, म्हणजे पहिल्यापेक्षा एक लॅपही मागे न पडलेल्या, जितक्या गाड्या आहेत त्यांच्या सगळ्यात मागे टाकतात. म्हणजे शिक्षा किती मोठी हे तुम्ही काय केलं ह्यावर ठरत नाही, तर त्या दिवशी आधीच्या अपघातांमधून किती गाड्या वाचल्या ह्यावर ठरतं! अपघात जास्त झाले असतील तर तुम्ही बारावे, कमी झाले असतील तर अठ्ठाविसावे. आणि हाच गुन्हा चाळिसाव्या लॅपला केलात तर काळा झेंडा, पिट रोडमधून एक चक्कर, पॅक सुटतो, मग अपघातामुळे एखादं कॉशन पडलं, म्हणजे सगळ्यांना हळू करून एकत्र आणलं, की परत मागे येऊन चिकटायचं, संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षात पण राहत नाही.

मी म्हटलं मित्राला, की मग शेवटच्या लॅपला मिळवलेली जागा तेवढी परत घ्या ना, स्मिथ दुसरा, हेली तिसरा, विषय संपला. त्यावर तो जे म्हणाला ते मात्र मला खोडता आलं नाही. तो म्हणाला, मग दर वेळी दुसरा असलेला माणूस रेषेखाली जाईल, पकडला गेला तर दुसराच राहणार, नाही पकडला तर पहिला, फुकटचं लॉटरीचं तिकीट. बरोबर आहे त्याचं. म्हणून मिळवलेल्या जागेपेक्षा शिक्षा मोठी हवीच. पण मोठी म्हणजे किती हे आधी ठरवता येतं की, पाच जागा म्हणा, दहा म्हणा, लॉटरी तिकडेही नको आणि इकडेही नको.

रोड कोर्सवर, म्हणजे डावी-उजवी वळणं असलेल्या ट्रॅकवर, निदान आकडा ठरलेला आहे. २०२२ ला इंडियानापोलिसच्या रोड कोर्सवर ओव्हरटाइमच्या, म्हणजे जादा लॅपच्या, रीस्टार्टला पहिल्या वळणात गर्दी झाली, रॉस चॅस्टेननं सरळ बाजूचा ॲक्सेस रोड पकडला आणि बाहेर आला तो थेट टायलर रेडिकच्या शेजारी, पहिल्या नंबरसाठी. बघताना हसावं की रडावं कळेना. ३० सेकंदांची पेनल्टी, सत्ताविसावा, रेडिक विजेता. त्यावर फार कोणी भांडलं नाही, कारण आकडा आधीच माहीत होता आणि रस्ता सोडला की नाही ह्यात कोणाला 'वाटण्याचा' प्रश्न नव्हता.

चॅस्टेनचं नाव निघालंय तर मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक आलाच. ऑक्टोबर २०२२, शेवटचा लॅप, चॅस्टेन दहावा, चॅम्पियनशिपच्या अंतिम चौघांत जायला त्याला दोन जागा कमी पडत होत्या, आणि ह्या पठ्ठ्यानं पाचव्या गिअरला टाकून गाडी भिंतीला चिकटवली, स्टिअरिंग सोडलं आणि लहानपणी व्हिडिओ गेममध्ये करायचा तसं पूर्ण वळण भिंतीला घासत मारलं. पाच गाड्या मागे. १८.८४५ सेकंदांचा लॅप, तिथला कपचा सगळ्यात जलद. आणि बाहेर कोण गेलं? हॅमलिन. माझा हॅमलिन. तरी मी त्या दिवशी चॅस्टेनला शिव्या दिल्या नाहीत, कारण जे केलं ते नियमात नव्हतं अडवलेलं आणि डोकं कमाल होतं. पुढच्या सीझनच्या आधी नॅस्कारनं सांगितलं की नवा नियम करत नाही, पण आहे त्याच सुरक्षेच्या नियमाखाली असं पुन्हा केलं तर वेळेची पेनल्टी. ठीक आहे, पटलं.

मग नोव्हेंबर २०२४, तेच मार्टिन्सव्हिल, तीच अंतिम चौघांची मारामारी. बेल आणि बायरन बरोबरीत, टाय-ब्रेक बेलच्या बाजूनं. बेल शेवटच्या वळणात घसरला, भिंतीला लागला आणि तसाच भिंतीवरून घासत पुढे आला. तो म्हणतो घसरलो, मुद्दाम नाही केलं. बराच वेळ सगळे पिट रोडवर उभे, बेलला वाटतंय आपण आत, बायरन पण तिथेच वाट बघतोय, आणि मग निर्णय की सुरक्षेचा नियम मोडला, बेल अठराव्यावरून बाविसावा, बायरन आत. हा निर्णय नियमाला धरून होता हे मी मान्य करतो. पण त्याच लॅप्समध्ये बायरनच्याच कंपनीचे दोन शेवरोलेवाले, म्हणजे ऑस्टिन डिलन आणि हो, चॅस्टेनच, बायरनच्या मागे शेजारी शेजारी भिंत करून चालले होते की कोणी त्याला ओव्हरटेक करू नये, आणि दुसरीकडे बेलसारखाच टोयोटावाला बबा वॉलेस असा मंदावला की बेलला हवी ती जागा मिळाली. त्या तिघांच्या टीम आणि ड्रायव्हर, प्रत्येकाला एक लाख डॉलर दंड आणि ५० पॉइंट, शिवाय काही जणांना एका रेसची बंदी. पण ती केव्हा? दोन दिवसांनी. बेलची शिक्षा त्याच संध्याकाळी लागू झाली आणि त्यानं त्याची चॅम्पियनशिप गेली. ज्यांनी ठरवून खेळ केला त्यांनी नंतर चेक लिहिले. बायरनची जागा मात्र शाबूत राहिली, त्यात त्याचा स्वतःचा दोष नाही म्हणा.

बायरनचं नशीब हा वेगळा लेख होईल. २०२२ ला टेक्सासला त्यानं कॉशन चालू असताना हॅमलिनला मागून ठोकून फिरवलं, अधिकाऱ्यांच्या ते लाइव्ह लक्षातच आलं नाही, दोन दिवसांनी २५ पॉइंट आणि ५० हजार डॉलर, मग अपील झालं आणि पॉइंट माफ, दंड मात्र एक लाख. म्हणजे पॉइंटच्या ऐवजी पैसे भरा. मी त्या आठवड्यात कोणाशी नीट बोललो नव्हतो.

गंमत म्हणजे ह्या खेळातली सगळ्यात निर्दयी शिक्षा पिट रोडवरच्या वेगाची आहे आणि तिच्यावर सगळ्यात कमी भांडणं होतात. २००९ ला इंडियानापोलिसला हुआन पाब्लो मोंतोयानं १६० पैकी ११६ लॅप लीड केले होते, कोणी जवळपास पण नव्हतं, आणि पिट रोडवर वेगमर्यादेच्या पलीकडे जी पाच मैलांची सूट असते ती पण ओलांडली म्हणून काळा झेंडा, आणि जिमी जॉन्सन जिंकला. मोंतोया रेडिओवर काय काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. किती जास्त होता? दशांशात. पण ट्रॅकमध्ये पुरलेल्या तारा कोणाच्या फॅन नसतात, त्यांना काही 'वाटत' नाही, आणि नंतर टीमला आकडे दाखवता येतात. मोंतोयाला राग आला, पण दुसऱ्या कोणाला हाच वेग माफ झाला होता असं तो म्हणू शकला नाही.

रेषेच्या बाबतीत तारा पुरून भागणार नाही हे मला कळतं, तार सांगेल की चाक खाली गेलं, का गेलं ते नाही सांगणार. ते माणसालाच बघावं लागेल. पण मग बघणाऱ्या माणसानं रेसनंतर तोच व्हिडिओ सगळ्यांसमोर लावावा आणि बोट ठेवून सांगावं की ह्या क्षणी मागची गाडी शेजारी आलेली होती, ह्या क्षणी पुढचा खाली आला, म्हणून ढकललं धरलं. किंवा शेजारी आलेली नव्हती, म्हणून नाही धरलं. मग पुढच्या वेळी त्याच फुटपट्टीनं मोजता येईल. एक ओळीचं 'आमच्या मते' वाचून परत कोणी केसेलोव्स्कीसारखं ठरवलं की ठोकणंच बरं, तर त्याला दोष कसा देऊ?

मित्र म्हणतो एवढं कोण बघणार आणि मी म्हणतो आपण दोघं १७-१८ वर्षं झाली तेच बघतोय की.

बाकी त्या सगळ्यांचं नंतर काय झालं म्हणाल तर रीगन स्मिथ २०११ ला डार्लिंग्टनला जिंकला, त्याची कपमधली पहिली विन, आणि दुसरा आला कार्ल एडवर्ड्स. हेली २०१९ ला डेटोनालाच कपची रेस जिंकला, विजा आणि पावसामुळे रेस १२७ लॅपवर थांबली तेव्हा तो नेमका पुढे होता. आणि डीबेनेडेटो कपमध्ये जिंकला नाहीच, पण २०२२ ला नॅस्कारच्याच ट्रक सिरीजमध्ये जिंकला, टॅलडेगालाच. शेवटच्या लॅपला कॉशन पडलं, त्या क्षणी कोण पुढे होतं हे कोणालाच खात्रीनं सांगता येईना, आणि तो गाडीतून बाहेर येऊन उभा होता, नॅस्कार व्हिडिओ बघून काय सांगतं त्याची वाट बघत.